‘न’ आणि ‘नाशिक’च्या मध्ये

माहेर सिन्नरला. परतीच्या बसमध्ये बावीस वर्षं
मी तिकीट मागत आले ते सीबीएसचं.
कंडक्टरला वाटत असेल, हिचं घर स्टँडातच आहे.
खरं म्हणजे ‘न’ माझ्या दातांमागे अडकतो.
अडकला की मागून कुणाचं तरी कोपर,
आणि एखादा भला माणूस
माझं वाक्य स्वतःच्या तोंडाने पुरं करणारा.

मोबाइलही त्याच जातीचा.
बोला, म्हणतो.
मी ‘न’वर थांबते.
टुंग.
काही ऐकू आलं नाही, म्हणतो.

म्हणून हा बोर्ड घेतला, पत्त्यांच्या कॅटाएवढा.
सातपूरला दिवसभर पॅनेलच्या तारा ओढते मी,
पाच व्होल्टांची भीती नाही.
उलटापालटा करून पाहिला:
आवाज बाहेर सोडायला जागा आहे,
आत घ्यायला नाही.
तोंड आहे, कान नाही.
आमच्या सुपरवायझरची आठवण झाली.

कान आणायला एम. जी. रोडला गेले.
“मा—”
“माऊस?” नौशाद म्हणाला, काउंटरवरचा.
“मा—”
“मॉडेम?”
शेवटी मूठ ओठांसमोर धरली,
सत्काराच्या भाषणात धरतात तशी.
“अहो, माईक! आधी नाही का सांगायचं?”

त्याने आधी काढला तो मोठा, जाळीदार,
गाणाऱ्यांचा. त्याला वेगळे अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात,
वर डबा, वर स्टँड.
एवढा थाट करून मी बोलणार काय?
दुसरा नखाएवढा, नुसती चिप, सहा पाय.
डाग देणं माझ्या हातचा मळ,
पण नौशादच म्हणाला, “ताई, दर अपडेटला रुसतो हा.”
रुसणारं घरात एक पुरे.
तिसरं यूएसबीचं साउंड कार्ड, एकशे ऐंशी रुपये,
आणि कॉलरला लावायचा माईक, काळा,
स्पंजची टोपी घातलेला.
खोचला की चालतो.
हा.

बटणं भंगारातल्या पॅनेलची.
हिरवं म्हणजे सुरू, लाल म्हणजे बंद,
आमच्या धंद्याला एवढंच व्याकरण.
प्रोग्राम भाच्याने लिहून दिला, अकरा ओळींचा.
त्याला एकच अट घातली होती:
मध्ये कितीही गप्प बसले
तरी लाल दाबेपर्यंत थांबायचं.

पहिल्या रात्री नुसती भुणभुण.
चार्जर बदलला, भुणभुण.
पॉवर बँक लावली
आणि खोली एकदम
रिकाम्या पातेल्यासारखी झाली.
पंखा बंद केला. हिरवं दाबलं.

माझं नाव वृंदा खैरनार.
मी न—


नाशिकला राहते.

लाल.

ऐकायचं धाडस दोन दिवस झालं नाही.
मग स्क्रीनवर उघडलं.
शब्दांचे डोंगर, आणि मध्ये एक सपाट पट्टी.
कर्सर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.
एक पूर्णांक आठ दशांश सेकंद.

एवढंच?
मी ती पट्टी गोदावरीच्या पात्राएवढी धरून चालले होते,
पूल नसलेल्या.
शाळेतला आख्खा तास तिच्यात बुडाला होता,
एक मुलगा बघायला येऊन चहा न पिता गेला तोही.

मोठी करून पाहिली. सपाटही नव्हती ती,
बारीक कूस होतं सगळीकडे.
आवाज वाढवला:
खाली कुणी तरी स्कूटरला मारलेली किक,
मोरीतला नळ,
आणि माझा श्वास, आत जाताना.
इतका जवळून
मी तो कधी ऐकलेला नाही.

सोमवारी सिन्नरहून येताना
कंडक्टर न विचारताच म्हणाला, “सीबीएस.”
मी मान हलवली. नाही.
“न—”
त्याचं बोट मशीनवर.
मागे कुणी तरी खोकलं.
मी काहीच दाबलं नाही.

तिकीट तेवढ्याच पैशांचं निघालं.